वाडीवर पडलेला तांब्यांचा पाऊस

मी पावसाचं मशीन बोलतोय. हसू नका, सरकारी आहे मी! कागदोपत्री माझं नाव पर्जन्यमापक. माण तालुक्यातल्या एका वाडीवर, शाळेमागच्या तारेच्या कुंपणात माझा मुक्काम. डोक्यावर नरसाळं, पोटात चिमुकली वाटी. वाटी भरली की कलंडते आणि आकडा आपोआप जिल्ह्याच्या ऑफिसात पोचतो. खोटं मला बोलताच येत नाही.

मला बसवलं त्या दिवशी जिल्ह्याच्या साहेबांनी नारळ फोडला, हार घातला आणि भाषणात म्हणाले, "तुमचा पाऊस, दुष्काळ, टँकर, सगळं आता ह्याच्यावर ठरणार!" झालं! समोर बसलेल्या म्हाताऱ्या मनुबाईनं तिथंच मला हात जोडले.

त्या साली पावसानं पाठ फिरवली. आमच्याकडं असं झालं की महादेवाचा गाभारा पाण्यानं भरतात. देव कोंडला की पाऊस सोडतो म्हणे. पण वाडी जगत होती टँकरवर, गाभारा भरणार कशानं? मनुबाईनं तोडगा काढला.

"महादेव लय मोठा. ह्यो देव बारका हाय. तांब्याभर पान्यात भागतंय."

आणि ओतला की माझ्या डोक्यावर!

वाटी कलंडत सुटली. ऑफिसात आनंदीआनंद, वाडीवर पाऊस झाला! दुसऱ्या दिवशी तांबे घेऊन अख्खी वाडी रांगेत. हळदीनं माझं नरसाळं पिवळंजर्द झालं. आठवडाभरात टँकर बंद.

सरपंच दादासोंनी माझ्या शेजारीच उभं राहून साहेबांना फोन लावला.

"सायेब, पाऊस न्हाई वं! टँकर सोडा."

"अहो, आकडा आलाय ना."

"आभाळ तरी बघा की येऊन!"

"आभाळ आमच्याकडं येत नाही, आकडा येतो."

दादासोंनी फोन खिशात टाकला आणि मनुबाईला म्हणाले, "देव लयच रागावलाय, काकू. तांबं वाढवा."

मग बाया लांबच्या विहिरीवरनं, उन्हातान्हात, डोक्यावर घागरी आणू लागल्या. आधी माझा तांब्या, मग घरची चूल. माझा जीव तीळतीळ तुटायचा. "मला नको, पोरांना पाजा!" असं ओरडावंसं वाटायचं. पण मला बोलता येतात फक्त आकडे. त्या जितकं ओतायच्या, तितकाच मी ओरडायचो, आणि ऑफिसात ती अतिवृष्टी ठरायची.

शेवटी काल सांगलीहून एक ट्रक आला, त्यात पुरात माणसं काढायची रबरी बोट! लाइफ जॅकेट घातलेला मोहसीन नावाचा गडी धुरळ्यात उतरला आणि समोर आलेल्या मनुबाईकडं चक्रावून बघत राहिला.

"आजी, पाणी कुठाय?"

"आमी बी तेच हुडकतोय, बाळा."

बिचाऱ्यानं आपल्या पिण्याच्या कॅनमधनं तिचा तांब्या भरला. "आधी तुमी प्या, आजी," म्हणाला. ओठ फुटले होते तिचे. तरी ती तांब्या घेऊन तडक कुंपणापाशी आली.

"देवा, नाव धाडलीस, लय उपकार झालं. आता तेवढं पानी धाड."

अगं मनुबाई, पी गं ते! मी देव नाही, डबा आहे डबा!

सगळा ओतला. घोटभरही ठेवला नाही. आणि मी, सरकारी नोकर, तो पाऊस इमानदारीनं वर कळवला.

उद्या सकाळी ती परत येणार आहे. तुमच्यापैकी कुणी तिकडं निघालं असेल, तर पटकन जाऊन तिचा हात धरा हो. मला हात नाहीत.