तीनशे नोंदींचा अंदाज

यवतमाळच्या एका रक्तदाता संस्थेत संगणकाचं सगळं काम मोनाली एकटीच पाहायची. सोमवारी सकाळी अकराला बसंतीबाई डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आल्या. त्यांची लेक सोनीबाई बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता आणि रक्तपेढीत ओ निगेटिव्हची एकही पिशवी उरली नव्हती.

मोनालीने गट भरला, तालुका भरला, गेल्या तीन महिन्यांत रक्त न दिलेले दाते मागितले. एरवी यादी लगेच यायची. आज पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत राहिलं. पाच मिनिटं गेली.

"काहून अडकलं व हे?" नागोरावांनी विचारलं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले नागोराव दात्यांना फोन करायचे.

"नेट असन, काका."

नेट ठीक होतं. तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केली, तरी तेच. नागोरावांनी जुनी वही काढली आणि फोन लावायला बसले. एकाचा नंबर बंद, एक पुण्याला गेलेला, एकाने मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं. बसंतीबाई बाकावर चिठ्ठीची घडी घालत होत्या, उलगडत होत्या.

शुक्रवारपर्यंत तर चालत होतं, मग मधे काय बदललं? रविवारी मोनालीनेच जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या शिबिरांच्या गेल्या काही वर्षांच्या नोंदी फायलींतून एकगठ्ठा डेटाबेसमध्ये भरल्या होत्या. साठ हजार दाते, तीन लाख रक्तदानं. हा शोध तू कोणत्या मार्गाने घेतोयस, असं तिने डेटाबेसलाच विचारलं. उत्तर वाचून ती चपापली. रक्तदानांच्या तक्त्यात तीनशे नोंदी असतील, असा त्याचा अंदाज होता. कोणत्या तक्त्यात किती नोंदी आहेत याची त्याच्याजवळची आकडेवारी रविवारच्या आधीची होती. छोटाच तक्ता आहे असं समजून तो प्रत्येक दात्यासाठी तीनच्या तीन लाख नोंदी पहिल्यापासून वाचत होता.

ही आकडेवारी खरं तर आपोआप ताजी व्हायची. पण नोंदी भरताना त्यामुळे वेळ लागत होता, म्हणून तिनेच ती सोय बंद केली होती, आणि पुन्हा चालू न करताच घरी गेली होती.

तिचे कान तापले. दाते आणि रक्तदानं या दोन्ही तक्त्यांची आकडेवारी नव्याने घ्यायची एका ओळीची आज्ञा तिने दिली. अकरा सेकंद लागले. शोध पुन्हा लावला, तर बटणावरून बोट उचलायच्या आत तेवीस नावं समोर.

"काका, वही ठेवा. हे नंबर घ्या."

तिसरा फोन अर्पिता नावाच्या शिक्षिकेने उचलला. अर्ध्या तासात ती स्कूटीवरून रक्तपेढीत पोचली. तपासण्या होऊन संध्याकाळी रक्त चढलं, रात्री रक्तस्राव आटोक्यात आल्याचा निरोप मिळाला.

दुसऱ्या दिवशी बसंतीबाई फक्त मोनालीला भेटायला आल्या. "बाई, तू लय धावली माह्या पोरीसाठी," म्हणाल्या. मोनालीला मान वर करवेना. त्या गेल्यावर ती नागोरावांना म्हणाली, "मशीन बिघडलीच नव्हती, काका. मीच ते बंद करून ठेवलं होतं."

"आता चालू केलं ना?"

"कालच केलं."

"मंग सायबाले लेखी दे. नाहीतर उद्या दुसरं कोणी बंद करन आन् आपण पुन्हा वही चाळत बसू."

मोनालीने अर्धं पान लिहिलं: एकदम खूप नोंदी भरल्या की आकडेवारी ताजी केल्याशिवाय कोणी उठू नये. चूक कोणाची, तिथे क्षणभर थांबून तिने स्वतःचं नाव घातलं आणि कागद आत संस्थेच्या साहेबांना नेऊन दिला.