कडू कसाव्याची गाडी

मित्रांनो, पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात घरघरणारे, कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, किसण्याचे ते जुने यंत्र म्हणजे मी. एका लोहाराने पत्र्याला खिळ्याने भोके पाडून माझे पिंप घडवले. त्याच्या खरखरीत अंगावर जाडजूड कंद घासले जातात. पडलेला कीस भिजवून, पिळून, वाळवून वहिनी खायचे पीठ करतात. पिळलेल्या पाण्यातला पांढरा साका खळ करायला पुठ्ठ्याच्या कारखान्यात जातो.

वहिनी माझ्या मालकीण. नवरा गेल्यावर धंदा त्यांनी एकटीने सांभाळला. "पीठ घ्यावं तर वहिनींचंच," असे गिऱ्हाईक म्हणे, तेव्हा माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे.

मग त्यांचे दीर मदतीला आले. आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, हे धूड भंगारात काढा." तेव्हाच तो माणूस माझ्या मनातून उतरला. वहिनींचाही त्यांच्यावर भरवसा नव्हता. दीर फोनवर कुजबुजू लागले, की त्या हातातले काम थांबवून कान टवकारत.

एके सकाळी दिरांनी गाडीभर कंद आणले. "गोड जातीचे आहेत. भिजवत बसायला नको. किसा, वाळवा, दळा!"

पहिलाच कंद घासला आणि उग्र दर्प सुटला. कडू कसाव्यात विष असते, ते भिजवल्या-पिळल्याशिवाय जात नाही. हा वहिनींचे नाव बुडवायलाच आला, असे मला वाटले. पण मला कुठे बोलता येते!

वहिनींनी बटण बंद केले. "भावोजी, नक्की गोड आहे?"

"व्यापाऱ्यानं शपथेवर सांगितलंय."

"मग खाऊन दाखवा."

दिरांनी बेधडक तुकडा तोंडात टाकला. वहिनींनी धावत जाऊन त्यांच्या पाठीत धपका घातला. "थुंका! आधी थुंका!"

दीर चुळा भरत राहिले. चेहरा पांढराफटक. "वहिनी, तुम्हाला वाटलं मी मुद्दाम..."

"वाटलं," वहिनी म्हणाल्या. "आत्तापर्यंत वाटत होतं."

त्यातला एकही कंद पिठात गेला नाही. सगळ्याचा पुन्हापुन्हा धुऊन साका काढला. शेवटी दिरांनी स्वतः ब्रश घेऊन माझी भोके साफ केली.

मित्रांनो, यंत्र धुऊनपुसून ठेवा. आत राहिलेला कडू कीस पुढच्या पिठात उतरतो. मालावर खुशाल संशय घ्या, माणसाला मात्र सरळ विचारा.

तो व्यापारी अजून येतो, गोड हसतो. वहिनी आणि दीर दोघेही कंद मोडून हुंगतात, एकमेकांकडे बघतात. दोघांची मान हलेपर्यंत मला कुणी सुरू करत नाही.