हा ब्रो कोण?

सुट्टीत पुण्याहून गावी, उंद्रीला आलेली सुचिता दिवसभर फोनवर ‘ब्रो’, ‘ब्रो’ करायची. कधी लाडात, कधी चिडून. तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिच्या आईचा, कोकिळाबाईंचा, जीव वरखाली होऊ लागला. शेवटी त्यांनी विचारलंच, “कोण्या गावचा हाये वं हा ब्रो? लग्नाचं ठरवलं काय?”

सुचिता पोट धरून हसली. “आई, ते पल्लवी हाये, माही मैत्रीण! राग आला तरी ब्रो, नवल वाटलं तरी ब्रो, हाक मारायलेबी ब्रोच.”

“म्हंजे आपला बे!” कोकिळाबाईंच्या जिवात जीव आला. “तुहे बाबा तं बैलालेबी बे म्हनतात.”

सुचितानं हे लगेच पल्लवीला सांगितलं. तेव्हापासून पुण्यात त्या दोघी मैत्रिणी एकमेकींना झोकात ‘काय बे’ म्हणतात.