ओपोंडोसाठी उंच दार

माझा थोरला भाऊ ओपोंडो जगभर पूल बांधत हिंडला, पण बापाच्या कुंपणात त्याने साधी झोपडी बांधली नाही. त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आमच्यात थोरल्याने घर बांधल्याशिवाय धाकट्याने कुदळ उचलायची नाही. उचलली तर शाप लागतो. म्हणून मी, ओबिएरो, पन्नाशी उलटली तरी बापाच्याच आवारात, गळक्या खोलीत. माझी बायको अकोथ दर पावसाळ्यात छपराखाली भांडी मांडायची आणि म्हणायची, "अहो, एकदा तरी स्वतःच्या दारात बसून मासे साफ करीन म्हणते." तिचं दुसरं काही मागणं नव्हतं हो.

ओपोंडो लहानपणापासूनच उपद्व्यापी. नदीला पूर आला की गाव घरात, आणि हा पठ्ठ्या दोन झाडांना दोर बांधून पाण्यावर लटकलेला! एकदा ओलुओच काकांची शेळी त्याने झोळीत घालून दोरावरून पलीकडे नेली. शेळी भेदरून मुतली, ती नेमकी खाली उभ्या काकांच्या डोक्यावर. काकांनी बदडून काढलं, तरी याचं हसू थांबेना.

पुढे इंजिनियर झाला, नॉर्वेला गेला आणि तिकडचाच झाला. चिलीतल्या कुठल्याशा दरीवर, तारेला लोंबकळून हसतानाचा फोटो त्याने पाठवला होता. आई तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

"त्याला म्हणावं, इकडे येऊन चार खांब उभे कर," मी चिडून म्हणायचो.

"येईल रे. कामाचा माणूस आहे तो."

कसला येतोय! एकटाच शिडाची होडी घेऊन समुद्रात गेला. होडी सापडली, तो सापडला नाही.

प्रेत मिळालं नाही तर आम्ही माणसाच्या जागी यागोच्या झाडाचं लांबडं फळ पुरतो. मग मेलेला सुटतो आणि मागचेही सुटतात. ओलुओच काका फळ घेऊन आले, तर आईने ते कुंपणाबाहेर भिरकावलं.

"हा माझा ओपोंडो? एवढासा? पोहता येतं त्याला!"

तीन वर्षं हेच चाललं. शेवटी मी ओरडलो, "अगं, तीन वर्षं कोण पोहतं?" महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही.

त्या पावसाळ्यात अकोथची छाती भरली. ओल्या भिंतीला टेकून ती खोकत राहायची, आणि खोकतच गेली. तिला मी बापाच्या आवारात पुरली, दुसऱ्याच्या दारासमोर.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई एक फळ कडेवर घेऊन आली. स्वतः शोधलेलं, सगळ्यांत लांब.

"चल. पुरू त्याला."

बिनघराच्या पुरुषाला कुंपणाबाहेर पुरतात, म्हणून आधी त्याचं घर उभं करायला हवं होतं. भावकी जमली आणि एका दिवसात आम्ही खांब रोवले, माती थापली, गवत चढवलं. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत चिखल तुडवत होतो.

"दार उंच ठेव रे," आई म्हणाली. "नाहीतर वाकावं लागेल त्याला."

मी दार वाढवलं. खड्डाही तिने पुरुषभर लांब खणून घेतला. फळ खाली ठेवताना हाताला तान्ह्या पोराएवढं जड लागलं, आणि मला शेळी आठवली. "हसतोस काय मेल्या," म्हणालो आणि हमसून रडलो. इतका राग होता माझा त्याच्यावर, तरी त्या घटकेला तो हवा होता.

माती लोटून झाल्यावर काकांनी माझ्या हातात कुदळ दिली. "ओबिएरो, आता तू मोकळा. जागा दाखव, उद्याच सुरुवात करू."

"कुणासाठी, काका?"

आईने माझा हात धरला. "मीच उशीर केला रे."

नाही म्हणावं असं फार वाटलं मला. म्हातारी आहे, पोराच्या मातीवर बसली आहे.

"हो आई," मी म्हणालो. "केलास."