अठ्ठावीस दातांचा सेट

मेणपट्टीवर चिकटलेला कवळीचा वरचा पुढचा दात — नखाएवढा, कडेला किंचित निळसर — ललिताने चिमट्याने उपटला, आणि भावाचा, योगेशचा, सकाळचा फोन पुन्हा कानात वाजायला लागला... ‘ताई, मनोजचं स्थळ सोडू नकोस, सेट माणूस. सातपूरला कंपनीत परमनंट, पाथर्डी फाट्याला फ्लॅट. सहापर्यंत हो की नाही सांग. तू पण एकदाची सेट हो.’

एकदाची! छत्तीस वर्षं मी काय सांडून पडले होते? गंगापूर रोडवरच्या या दवाखान्यामागच्या खोलीत बारा वर्षं कवळ्या बनवतेय, योगेशला शिकवलं ते त्यातूनच — तरी मी सेट नाही, आणि ज्याच्याशी मी एक शब्द बोललेली नाही तो आहे.

काय भानगडीचा शब्द आहे... पट्टीवरचे अठ्ठावीस दात म्हणजे सेट. प्लास्टर घट्ट होताना हाताला गरम लागतं, तेही सेट होतं. घरमालकाची मुलगी निकिता जिच्यात तीनदा नापास झाली ती प्राध्यापकीची परीक्षाही सेट. दही, गजर, पार्लरमधले केस... डिक्शनरीत तिने एकदा बोट ठेवून वाचलं होतं, पानंच्या पानं, तर सूर्य मावळतो तेही हेच. यातलं योगेशला नेमकं काय म्हणायचंय? त्याला तरी ठाऊक आहे का?

‘ललिता, ट्रायलची कवळी घेऊन ये,’ डॉक्टरांनी हाक मारली.

खुर्चीत सटाण्याच्या कुसाबाई, शेजारी मुलगा महेश. मेणात बसवलेले दात तोंडात गेले. महेशने मोबाइल काढला.

‘माय, भारी दिखी ऱ्हायनी तू! एकदम हिरोईन!’

कुसाबाई आरशात बघत राहिल्या. मग आरशालाच विचारलं, ‘हाई कोन शे?’

महेश हसला, डॉक्टर हसले. म्हातारी हसली नाही. ‘मना दातमा फट व्हती. शिट्टी वाजे. शेळ्या परत येत.’

ललिताचा चेहरा तापला. समोरच्या दातांत फट ठेवायची नाही, ही लॅबची सवय. हात आपोआप दात चिकटवत जातात. बारा वर्षांत किती तोंडं मी अशी बुजवली... कुणालाच विचारलं नाही, तुझं तोंड कसं होतं. कुणी विचारत नाही आणि मीही विचारणाऱ्यांतली नाही.

‘किती होती, आजी?’

कुसाबाईंनी करंगळीच्या नखाची कड पुढे केली. ललिताने सुरी दिव्यावर धरली. मेण आहे तोवर दात सरकतो. एकदा मेणाच्या जागी प्लास्टिक भरून शिजवलं की खेळ खलास. महेश कुरकुरला, ‘मॅडम, लोक काय म्हणतील?’

‘लोकांना घालायचेत का दात?’ ती म्हणाली. डॉक्टरांसमोर ती असं कधी बोलली नव्हती.

पावणेसहाला तिनेच योगेशला फोन लावला.

‘मनोजचा नंबर दे.’

‘कशाला? हो म्हण, पुढचं मी बघतो.’

‘मला विचारायचंय त्याला.’

‘काय विचारायचंय?’

तिलाही माहीत नव्हतं. दिवसभर होय-नाहीच्या दोन ढिगांत जीव अडकला होता, आणि आता त्यातलं काही आठवत नव्हतं. योगेशने पाठवलेल्या फोटोत मनोजने ओठ मिटून घेतले होते... हसताना काय करतो हा? कशावर हसतो? बारा वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात हात घालणाऱ्या बाईला एवढी साधी गोष्ट जाणून घ्यावीशी वाटावी, याचंच तिला नवल वाटत होतं, आणि पलीकडे योगेश ‘हॅलो... ताई, हॅलो’ करत होता.