चणीबोराचं मूळ

दामिनीचं माहेर माहूरचं. डोंगरातल्या करवंदांवर वाढलेली पोर. भोकरजवळच्या सासरच्या माळावर शेततळं घ्यायचं ठरलं, तेव्हा तळ्याच्या बांधावर करवंदच लावायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. सासरे ग्यानोबा मात्र चणीबोरावर अडून बसले.

"करवंद गोड असतंय, मान्य हाय. पर ह्या मुरमाला चणीबोरच धरतंय."

"मामा, ते तर आपोआप उगवतंय. गुडघाभर काटेरी झुडूप. ते कोण मुद्दाम लावतं का?"

वाद मिटला नाहीच, आणि माघात खोदकाम सुरू झालं. जेसीबी चालवायला भोकरचा दस्तगीर आला होता. एका बाजूला खड्डा चांगला खोल गेला आणि मशीन एकाएकी थांबलं. दस्तगीर खाली उतरून कड्याकडं बघत उभा राहिला.

"भाभी, जरा इकडं या. लई अजब चीज हाय."

दामिनी उतारानं खाली गेली. ताज्या कापलेल्या मुरमाच्या भिंतीतून एक मूळ सरळ खाली आलं होतं. मनगटाएवढं, तांबूस. तिनं वर पाहिलं. अगदी काठावर तिच्या गुडघ्यालाही न लागणारं चणीबोराचं झुडूप, लाल बोरांनी लगडलेलं. त्याचंच हे मूळ. दगड आडवा आला तिथं वळसा घालून पुन्हा खाली. दोन पुरुष खोल गेलं तरी संपलं नव्हतं. तळाशी त्याला केसासारखी पांढरी मुळं फुटली होती आणि तिथली माती काळसर दिसत होती.

तिनं हात लावला. माती ओली होती. वर माळ कोरडाठाक पडला होता, आणि इथं गारवा.

ग्यानोबाही काठीच्या आधारानं उतरले. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं.

"जन्मभर बोरं खाल्ली ह्याची," ते हळूच म्हणाले. "खाली हे असलं चाललंय, कधी ठावंच न्हाई."

तिघंही मुळाकडं बघत राहिली. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यागत.

मग दामिनी म्हणाली, "दस्तगीरभाई, ही बाजू बुजवा. तळं पलीकडं सरकवू."

"हाव भाभी," म्हणत त्यानं हळूहळू, मुळाला धक्का न लावता माती परत लोटली.

करवंदं तिनं लावली, पण घराजवळच्या काळ्या रानात. तळ्याच्या सगळ्या बांधावर चणीबोराच्या बिया टोचल्या. आषाढात त्या उगवल्या. एका दुपारी तिला राहवेना. दोन पानांच्या एका रोपाशेजारची माती तिनं बोटानं उकरली. मूळ तिच्या वितीपेक्षा लांब गेलं होतं आणि अजून खालीच चाललं होतं.

तिनं घाईघाईनं माती सारली आणि वरून तळव्यानं हलकेच दाबली.