आधी औषध, मग तेल

मी एक जुना ठसा आहे. पोस्टात शिक्का मारतात ना, तसाच. पण शाईचा नव्हे, औषधाचा. मुठीत मावेल एवढा माझा देह, पोटात एक स्प्रिंग आणि तोंडाशी नखाएवढी चकती बसवायची खाच. जन्म ब्रिस्बेनच्या कारखान्यातला, पण सारं आयुष्य गेलं टोंगाच्या एका चिमुकल्या बेटावर, दवाखान्याच्या खिडकीत. तिथून चर्च हाकेच्या अंतरावर होतं, ही देवाची कृपाच. रविवारी धर्मगुरूंचं प्रवचन रंगात आलं की बोलता बोलता त्यांचा आवाज सुरात चढे, मंडळी "मालिए, मालिए" अशी दाद देत, आणि माझी स्प्रिंगसुद्धा थरारून जाई.

मित्रांनो, माझं स्वतःचं मोठेपण काही नाही. कर्तबगारी सारी त्या चकतीची. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारी हजारो टोकं असतात आणि त्या टोकांवर औषध, म्हणजे रोग होऊ नये म्हणून द्यायची लस, वाळवलेलं असतं. औषधाचा कण केवढा? केसाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढा. याला नॅनो म्हणतात. मी चकती दंडावर दाबली की टोकं कातडीच्या वरच्या थरात शिरतात आणि कण आत विरघळतात. रक्त नाही, रडारड नाही, बर्फाची पेटीही नको. देवाचं नाव जसं गाजावाजा न करता कानातून काळजात उतरतं, तसंच हे.

माझी खरी परीक्षा पाहिली ती गोवराच्या साथीने. गोवर शेजारच्या बेटावर पोचला होता. आमच्याकडे एकतीस मुलं, आणि बोटीने आलेल्या डब्यात चकत्याही मोजून एकतीस. पुढची बोट पंधरा दिवसांनी. आमच्या नर्सबाई कालोलाइने यांनी आदल्या दिवशीच गावात निरोप धाडला, की सकाळी मुलांना स्वच्छ करून आणा.

हा निरोप फुसीआजीने मनावर घेतला. फुसीआजी म्हणजे गावाची तेलवाली आणि चर्चमधल्या गायकांची म्होरकी. खोबरेल तेलात सुवासिक फुलं मुरवावीत तर तिनेच. आमच्याकडे पाहुण्यासमोर किंवा देवासमोर कोरड्या अंगाने जाणं म्हणजे अनादर. मग औषधासमोर तरी कसं जायचं? म्हातारीने पहाटेच उठून एकतीसही पोरांचे दंड तेलाने चोळून लख्ख केले. पोरं दवाखान्याच्या ओट्यावर बसली तेव्हा उन्हात नुसती चमकत होती.

पहिली आली सेमिसी कोळ्याची लेक, पिसिला. नर्सबाईंनी दंड कोरड्या कापसाने टिपला, मला टेकवलं आणि दाबलं. आणि मित्रांनो, मी घसरलो. आयुष्यात पहिल्यांदा. चकती तेलावरून सटकली, टोकं वाकली, औषध तेलातच राहिलं. कातडीवर बारीक लाल ठिपक्यांचं कडं उमटायला हवं होतं, ते उमटलंच नाही. वापरलेली चकती पुन्हा वापरता येत नाही.

सेमिसी म्हणाला, "फुसीआजी, तुझ्या तेलाने हातातला मासासुद्धा निसटतो, ही तर इवलीशी चकती." दोघंतिघं हसले. पण तीस चकत्या आणि एकतीस पोरं हे ध्यानात आल्यावर हसू आपोआप विझलं.

आजी तडक घरी गेली. परतली ती कमरेला फाटकी चटई गुंडाळून आणि गळ्यात पानांची माळ घालून. आमच्याकडे मोठ्या चुकीची क्षमा मागतात ती अशी. ती ओट्याखाली मातीत मान खाली घालून बसली. नर्सबाई तिला उठवायला गेल्या, तर म्हणाली, "लुपेची चकती पिसिलाला दे."

लुपे तिची नात. आईबाप ऑकलंडला कामाला, आणि पोर छातीची नाजूक. नर्सबाईंनी परोपरीने सांगितलं, की आजी, सगळ्यांत जास्त गरज हिलाच आहे. सेमिसीचाही चेहरा उतरला. म्हणाला, "मी गंमत केली गं. माझी पिसिला धडधाकट आहे, थांबेल ती."

"चूक माझ्या हातून झाली," आजी म्हणाली. "ती दुसऱ्याच्या दारात टाकू कशी?"

मग तिने स्वतः टाकीचं पाणी आणि साबण घेऊन एकेक दंड धुतला. तीस वेळा मी दाबला गेलो, तीस कडी उमटली. त्याच दुपारी ती लुपेला घेऊन टारोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, मळ्यातल्या खोपटात राहायला गेली. बोट येईपर्यंत माणसांत यायचं नाही, असं ठरलं.

पण गाव तिला एकटं सोडणारं नव्हतं. रोज सूर्य कलला की गायकमंडळी मळ्याच्या अलीकडे फणसाच्या झाडाखाली उभी राहून स्तोत्र म्हणत, आणि पलीकडून लुपेचा बारीक आवाज उत्तर देई. मी खिडकीतून ऐके. आवाज आला, म्हणजे पोर बरी आहे. आम्हा सगळ्यांचा नाडी बघायचा तोच मार्ग.

अकराव्या दिवशी उत्तर आलं नाही. मंडळींनी कडवं पुन्हा म्हटलं. तरी नाही. सेमिसीने टोपी काढून छातीशी धरली. नर्सबाई मळ्यातून अक्षरशः धावत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या, त्या डोळे पुसत आणि हसत. पोरीला ताप नव्हता, पुरळ नव्हता. ती रुसली होती. खोपटात सराव करताना आजी तिच्या वाट्याची ओळ स्वतःच म्हणते म्हणून. त्या संध्याकाळी झालेलं गाणं मी कधी विसरणार नाही.

बोट आली. तिच्यातून लुपेसाठी एक चकती आली. नर्सबाई मला घेऊन खोपटात गेल्या. आजीने तो दंड किती वेळा धुतला असेल, देव जाणे; पोर शेवटी म्हणाली, "आजी, कातडी तरी राहू दे." मी दबलो. लाल ठिपक्यांचं कडं उमटलं. औषध अंगी लागावं म्हणून आणखी दोन आठवडे लुपेला तिथेच जपलं, आणि मग एका रविवारी चर्चमध्ये तिची ओळ तिनेच म्हटली.

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे. नवा ठसा आला, आणि मला टाकून देणार तोच फुसीआजीने मागून घेतलं. तिच्या फळीवर तेलाच्या बाटल्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला, कोरड्या फडक्यात. गावात म्हणच पडली आहे: आधी औषध, मग तेल.

मित्रांनो, तिचं तेल वाईट नव्हतं. त्यात माया होती. पण माया करायची तर ती कशी पोचते, हेही विचारून घ्या. तुमच्या दंडावर माझा एखादा भाऊबंद टेकणार असेल, तेव्हा दंड आधी स्वच्छ धुवा आणि क्षणभर हलू नका. कोण जाणे, तुमच्या वाट्याची ती चकती कुणीतरी आपल्या नातीच्या वाट्यातून दिलेली असेल.